हाकेआधीची ओ

१

फणीची सकाळ ठरलेली. पिशवी खुंटीला, चपला टेबलाखाली, पाण्याची बाटली डाव्या हाताला, आणि मग शेजारच्या टेबलाकडे बघून एक उसासा. त्या टेबलावर डुलकी बसायचा. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर असेल कुठेतरी. पण डोळे उघडे ठेवून झोपण्याची कला त्याने अशी साधली होती, की साहेब पाठीमागून गेले तर बोटं आपोआप कीबोर्डवर नाचायची. काही माणसं जागेपणीही एवढं काम करत नाहीत.

दोघं मिळून हाकेचे डबे बनवत. डबा भिंतीत बसवायचा, त्यावर तळहाताएवढं बटण, बटणाखाली बोलायची आणि ऐकायची जाळी. वृद्धांच्या निवासात प्रत्येक खाटेशेजारी एकेक. म्हाताऱ्या माणसाने बटण दाबून काय हवं ते बोलायचं, की ते खाली मदतनिसांच्या टेबलावर ऐकू येतं. बटण दाबून कुणी बोललंच नाही, तर डबा थोडी वाट बघतो आणि खाली लाल दिवा लावतो. लाल दिवा म्हणजे धावा. ज्याला बोलायचं होतं त्याला बोलता आलेलं नाही.

डब्यातला बोलणं ऐकणारा प्रोग्राम डुलकीचा, आणि त्याच्याखालचा कर्नल फणीचा. कर्नल म्हणजे खिडकीमागे बसलेला कारकून समजा. प्रोग्राम कितीही शहाणा असला तरी त्याला स्वतःच्या हाताने काही करता येत नाही. मायक्रोफोन ऐकायचाय, दिवा लावायचाय, फार काय, किती वाजले एवढंच विचारायचंय, तरी खिडकीवर जाऊन मागावं लागतं. त्या मागण्याला म्हणायचं सिस्टिम कॉल. प्रोग्राम आत जातो, कारकून त्याचं काम करतो, प्रोग्राम उत्तर घेऊन बाहेर येतो. सगळ्या संगणकांचं शहाणपण इथेच संपतं. पुढची सगळी रंगरंगोटी.

तर बसवलेल्या डब्यांपैकी एक डबा अलीकडे मधूनच अडकू लागला होता. बटण दाबलं की मख्ख. ना आवाज, ना दिवा. मग बऱ्याच वेळाने आपोआप शुद्धीवर यायचा. बाकीचे डबे खणखणीत, हा एकच असा.

आणि हा डबा फणीच्या बाबांच्या खोलीतला होता.

२

बाबांनी जन्मभर सलून चालवलं. एका हाताने कैची चालायची आणि तिच्या जोडीने तोंड. हात थरथरू लागला तशी कैची थांबली, तोंडाला मात्र तसली काही व्याधी नव्हती. मुलीला फणी हे नाव त्यांनीच ठेवलं, लहानपणी ती सडपातळ होती आणि दात पुढे होते म्हणून. आता अंग भरलं, दात जागेवर आले, केसांत पांढरं दिसू लागलं, पण नाव काही निघालं नाही. तिची त्याला हरकत नव्हती. वस्तरा म्हणाले असते तर काय करणार होती?

निवासात आल्यावर त्यांनी आठवडाभरात सगळ्यांची बारशी उरकली. मुख्य मदतनीस बाईंच्या बुटांचा आवाज जिन्यापासून यायचा, म्हणून त्या मेजरबाई.

"तुझ्या त्या कर्नलला सांग," बाबा म्हणाले, "इकडे मेजर ऐकत नाही म्हणावं."

"काय झालं आता?"

"काल दुपारी बटण दाबलं. म्हटलं, गरम पाणी द्या, घसा खवखवतोय. डबा मख्ख. थोड्या वेळाने या आल्या आणि मलाच म्हणतात, पाणी सकाळीच दिलं की."

मेजरबाई दारातच उभ्या होत्या. "दिलंच होतं. सकाळी डब्यावर बोललात, गरम पाणी द्या, घसा खवखवतोय. धावत घेऊन आले, तर म्हणता, कुणी मागितलं?"

"सकाळी माझा घसा ठणठणीत होता."

"ते तर मजल्यावरच्या बहिऱ्यांनाही ऐकू येत होतं."

फणी हसली. पण निघताना मेजरबाईंनी तिला जिन्याशी गाठलं आणि आवाज खाली आणला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. आजोबा विसरायला लागलेत. सकाळी मागतात, आणून दिलं की मी नाही म्हणतात, आणि दुपारी परत तेच मागतात. शब्दाला शब्द तेच."

"डबा अडकतो त्यांचा."

"अडकतो तो दुपारी. सकाळी तर छान वाजतो."

फणी घरी जाताना त्याच वाक्यावर घुटमळत राहिली. बाबांचं हृदय आता भरवशाचं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, छातीत जरा कळ आली की लगेच बटण, अंगावर काढायचं नाही. आणि बटण हे असं. डबा दोनदा बदलून झाला होता, तारही नवी टाकली होती. नवा डबासुद्धा त्या खोलीत गेला की जुन्याच्या वळणावर जायचा.

दोष कर्नलमध्ये असेल तर तो आपला आहे, तिने स्वतःला सांगितलं. आणि आपला असेल तर तो सापडेपर्यंत दुसरं काम नाही.

३

"कर्नलमध्ये माग काढायची सोय घालते," तिने साहेबांना सांगितलं.

"डबा मंद होईल."

"हलकी घालते."

"म्हणजे किती हलकी?"

"तुम्ही पगारवाढ देता तेवढी."

साहेबांनी परवानगी दिली आणि लगबगीने निघून गेले.

फणीने सोय घातली ती अशी. प्रत्येक कॉलला आत जाताना एक टोकन द्यायचं, ओळीने पुढचा आकडा. आत गेला की एक खूण, बाहेर आला की एक खूण. खुणेत टोकन, कॉल कुठला, आत की बाहेर, आणि बाहेर असेल तर किती घेऊन आला तो आकडा. बोलणं टिपायचं नाही, त्याची नुसती लांबी. शब्द टिपायला बसलं तर चिमुकल्या डब्याचा जीव जाईल, आणि म्हाताऱ्यांची कुरकुर साठवून करायचं तरी काय? मग या खुणा तारेवरून तिच्या टेबलापर्यंत धाडायच्या.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. खुणा धाडायलाही कॉल लागतात. त्या कॉलांच्या खुणा उमटल्या, त्या धाडायला आणखी कॉल, त्यांच्या आणखी खुणा. डबा स्वतःचीच चहाडी स्वतःला सांगत बसला आणि गरम झाला. डुलकी खदखदून हसला, त्यामुळे तेवढा वेळ जागा होता. फणीने धाडणाऱ्याला खुणांतून वगळलं आणि डबा निमूट झाला.

मग तिने हा नवा कर्नल बाबांच्या डब्यात घातला.

सकाळी ती पडद्यासमोर बसली. आत, बाहेर. आत, बाहेर. वेळ विचारायचे कॉल, दिवा तपासायचे कॉल, सगळं शिस्तीत. कैची चालावी तशी लय होती त्याला, आणि ती बघता बघता फणीचा डोळा लागायला आला होता.

बाहेर.

ती ताठ बसली. ऐकण्याच्या कॉलमधून कुणीतरी बाहेर आलं होतं. हातात एका वाक्याएवढी लांबी होती. वरच्या खुणा तिने बोट ठेवून तपासल्या. ऐकायला आत कुणी गेलेलं नव्हतं.

"डुलकी, इकडे बघ. हा बाहेर आलाय."

"येऊ दे की. आत अडकण्यापेक्षा बरं."

"आत गेलाच नव्हता."

डुलकीने खुर्ची सरकवत आणली. बराच वेळ बघितलं. "तू माग चालू करायच्या आधीच आत गेला असेल, ताई. तुझा पहारेकरी उशिरा कामावर आला, एवढंच."

पटण्यासारखं होतं. फणीला पटलंही, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

४

तिने माग अगदी सुरुवातीपासून लावला. डब्यात वीज आली की कर्नल उठतो, आणि उठताक्षणीच पहारा सुरू. त्याच्याआधी आत जायला प्रोग्राम जन्मालाच आलेला नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक बाहेर आला. न जाता.

मग जुन्या खुणांवर नव्या खुणा पडून आत जाण्याची खूण पुसली गेली असेल, म्हणून जागा वाढवली. घड्याळ मागेपुढे होत असेल, म्हणून घड्याळ काढून टाकलं आणि नुसता क्रम ठेवला. टेबलावर तसाच दुसरा डबा, तोच कर्नल घालून, दिवसभर बडवला. डुलकीने तर त्यावर कोपर टेकून झोप काढली. एकाही खुणेची जोडी चुकली नाही.

"म्हणजे कर्नल बरोबर आहे," डुलकी म्हणाला.

"आणि तुझा प्रोग्राम?"

"तोही."

"मग?"

"मग काकांची खोली बिघडलीय," तो म्हणाला, आणि लगेच आपल्याच बोलण्यावर नाराज झाल्यासारखा पडद्याकडे वळला. त्या दुपारी तो झोपला नाही.

फणी निवासात गेली. बाबा जेवायला खाली गेले होते. खोली चांगली उजेडाची होती. धुतलेल्या चादरीचा वास, खिडकीत वाळणारा टॉवेल, नळाची मंद टपटप. तिने डब्याचे स्क्रू काढले. आत धूळ, तार, हिरवी पट्टी. मागे भिंत, साधी, प्लास्टरची. तिने बोटाच्या पेराने ती ठोकूनही बघितली आणि स्वतःलाच हसली. काय सापडायला हवं होतं तिला?

डबा बसवून तिने जाळीला कान लावला. बंद जाळीतून काही ऐकू येत नाही. इथेही येत नव्हतं. फक्त, टेलिफोनवर पलीकडच्याने उचललाय पण बोलत नाहीये, तेव्हा ती शांतता जशी भरीव लागते, तशी ती होती. फणीने कान काढला. पुन्हा लावला. नळाची टपटप थांबली होती. ती नळाकडे बघत राहिली, तेव्हा एक थेंब पडला.

"भिंतीशी काय कुजबुज चाललीय?" बाबा दारात उभे होते. "माझ्याबद्दल असेल तर मोठ्याने बोला."

५

उलगडा झाला तो टोकनामुळे, आणि झाला नसता तर फणीला जास्त आवडलं असतं.

सकाळी न जाता बाहेर आलेल्या कॉलच्या हातात टोकन होतं. तो आकडा तेव्हाच्या ओळीपेक्षा कितीतरी पुढचा होता. तेवढी टोकनं वाटलीच गेली नव्हती. फणीने तो आकडा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला, बिघाड म्हणून. दिवसभर टोकनं वाटली जात राहिली, ओळ पुढे सरकत राहिली. दुपारी बाबांनी बटण दाबलं. आत. आणि बाहेर काही येईना. डबा अडकला.

आत गेलेल्याचं टोकन तिने वाचलं, मग चिटोऱ्याकडे बघितलं.

आकडा तोच.

"डुलकी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "जो सकाळी बाहेर आला ना, तो आत्ता आत गेला."

डुलकीने एकदा पडदा बघितला, एकदा चिटोरा. "म्हणून तो परत येत नाहीये."

"तो येऊन गेलाय."

दोघांनी मिळून पुढचे काही दिवस हेच बघितलं. ज्या दिवशी सकाळी ओ यायची, त्याच दिवशी दुपारी तिची हाक जायची. हाक आत अडकायची, कारण ओ आधीच खर्ची पडलेली. मग डब्यातला राखणदार, म्हणजे कोण अडकलंय यावर नजर ठेवणारा कर्नलचा शिपाई, कंटाळून अडकलेल्या प्रोग्रामला मारायचा, नवा उठवायचा, आणि सगळं सुरळीत. मेजरबाई खोटं बोलत नव्हत्या. बाबाही विसरत नव्हते. घसा दुपारी खवखवला होता, पाणी मात्र सकाळी आलं होतं.

फणीला हे मानायचं नव्हतं. तिने ते मोडायचं ठरवलं. एका सकाळी ओ आली ती अगदी आखूड, जेमतेम एका शब्दाएवढी. ती तडक निवासात गेली, आणि दुपार झाली तशी लॅपटॉप मांडीवर घेतला.

"बाबा, आज बटण दाबाल तेव्हा भरपूर बोला. मध्ये थांबायचं नाही. सलूनमधली एखादी गोष्ट सांगा, ती नवरदेवाच्या अर्ध्या मिशीची."

"कुणाला सांगू?"

"डब्याला."

"डब्याला मिशी नाही, त्याला काय कळणार?" पण त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर आत अशी खूण उमटली. बाबांनी मोठा श्वास घेतला, घसा साफ केला, फणीकडे बघून डोळा मिचकावला आणि म्हणाले, "बरं."

आणि गप्प बसले. मुलीची फिरकी घ्यायची संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती.

"बाबा, बोला ना."

"बोललो की. बरं म्हटलं. तू सांगितलंस, मी बरं म्हटलं."

जिन्यात मेजरबाई भेटल्या. "आज सकाळी तर कमालच. डब्यातून नुसतं 'बरं' म्हणाले. मी म्हटलं, बरं तर बरं."

६

त्यानंतर एका सकाळी ओ आली ती शून्य घेऊन.

शून्य म्हणजे बटण दाबलं, डब्याने वाट बघितली, आणि कुणी बोललं नाही. फणी त्या आकड्याकडे बघत होती तोवर टेलिफोन वाजला.

"ताई, तुमच्या डब्याने आज पळवलं की आम्हाला," मेजरबाई धापा टाकत होत्या. "लाल दिवा लागला. डॉक्टरांना घेऊन जिने चढून आले, तर आजोबा आरशात बघून भांग पाडतायत. वर मलाच विचारतात, कुणी मेलं का? आता यांचा दिवा लागला तरी मी काही सारखी धावायची नाही हं." त्या हसत होत्या. मागून बाबांचा आवाज येत होता, डॉक्टरांच्या टकलावरून काहीतरी.

फणीने टेलिफोन ठेवला.

मदत येऊन गेली होती. हाक अजून जायची होती. आज दुपारी कधीतरी त्या खोलीतून बटण दाबलं जाईल, दाबणाऱ्याच्या तोंडून शब्द निघणार नाही, आणि डबा मख्ख राहील. खाली दिवा लागणार नाही. तो लागून झालाय.

बाबांच्या तोंडून शब्द निघणार नाही. तिने हे वाक्य मनात उलटसुलट करून बघितलं. ज्या माणसाने दाढेला भूल दिलेली असताना दंतवैद्याला तीन विनोद सांगितले होते, त्याच्या तोंडून.

"डबा काढून टाक," डुलकी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आणि खरंच कळ आली तर हाक कशी मारणार? दोनदा बदललाय तो. फरक पडला?"

"मग तू जाऊन बस त्यांच्याजवळ."

"बसणार आहेच. पण नुसती बसणार नाही." तिने चिटोऱ्यावर टोकन लिहिलं, खिशात घातलं, चपला पायात सरकवल्या. आता भीतीला जागा नव्हती, डोकं लख्ख चालत होतं. खुणेत काय काय आहे? टोकन, कॉल, लांबी. बटण कुणी दाबलं ते खुणेत नाही. तशी जागाच तिने ठेवली नव्हती, हलकं राहावं म्हणून.

शून्याला एक हाक हवी होती. ती कुणीही दिली असती तरी चाललं असतं.

७

"बाबा, आज एक खेळ खेळायचा. मी बटण दाबणार आणि आपण दोघांनी गप्प बसायचं."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"आणि जिंकलो तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

बाबा खाटेच्या कडेला बसले होते, पाय खाली सोडून. त्यांनी मुलीचा चेहरा बघितला. गिऱ्हाइकांचे चेहरे जन्मभर आरशातून वाचलेला माणूस, त्यांना बहुतेक काहीतरी कळलं. एरवी विचारले असते ते प्रश्न त्यांनी विचारले नाहीत. ओठांवर बोट ठेवलं, गाल फुगवले आणि मान डोलावली.

फणीने पडद्यावर टोकनांची ओळ जवळ येऊ दिली. आकडा भिडायला आला तेव्हा तिने बटण दाबलं.

आत. टोकन तेच.

खोलीत कुणी बोललं नाही. खाली भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. जिन्यातली पावलं थांबली. नळाचा थेंब तोटीच्या टोकाशी आला आणि लोंबत राहिला. फणीला स्वतःचं हृदय ऐकू येत होतं आणि तेही तिने मनातल्या मनात गप्प बसवलं. जाळीतून काही येत नव्हतं. मात्र जाळीच्या पलीकडे कुणीतरी तिच्याच चिकाटीने गप्प बसलंय, आणि तिच्याकडून काहीतरी नीट समजून घेतंय, असं तिला सारखं वाटत राहिलं. ती हलली नाही. बाबांचे गाल फुगलेलेच होते, डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग राखणदाराने अडकलेल्या प्रोग्रामला मारलं आणि नवा उठवला. थेंब पडला. खाली कुणाच्या तरी हातून ताट निसटलं.

"झालं," फणी म्हणाली.

बाबांनी हवा सोडली. "सलूनमध्ये इतका वेळ गप्प बसलो असतो तर गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने पळालं असतं."

ती हसली, हसतच राहिली, मग तिने त्यांचा हात धरला आणि थोडं रडूनही घेतलं. शून्याची जोडी जुळली होती. बाबा समोर बसून बोलत होते, आणि आता ते कुणी अडवू शकत नव्हतं, ती तर मुळीच नाही.

८

"बघू तरी सुधारला का तुझा डबा," म्हणत बाबांनी बटण दाबलं. "मेजरबाई, गरम पाणी आणा. घाई नाही, पण लवकर."

आत. बाहेर. शून्य.

फणीने पडदा जवळ ओढला. "परत बोला. जरा मोठ्याने."

"मेजरबाई, कान आहेत का जागेवर?"

आत. बाहेर. शून्य.

टोकनं ओळीत होती. जोड्या बरोबर होत्या. इतका स्वच्छ माग तिला या डब्यातून आजवर मिळाला नव्हता. तिने स्वतः बटण दाबून "हॅलो" म्हटलं. आत, बाहेर, आणि हॅलोएवढी लांबी.

जिन्यात बूट वाजले. सकाळी नाही म्हणाल्या तरी मेजरबाई दिवा बघून धावतच आल्या होत्या. दारात थांबून त्यांनी खाट बघितली, खुर्ची बघितली, मग फणी.

"कुणी दाबलं?"

"मी," बाबा म्हणाले. "पाणी मागितलं तर हात हलवत येता, डॉक्टर मागितला तर काय आणाल?"

मेजरबाई फणीच्या उत्तराची वाट बघत होत्या. "ताई?"

"बाबांनी," फणी म्हणाली.

"बरं. कुठायत ते?" त्यांनी न्हाणीघराचं दार ढकलून आत डोकावलं. "मला न सांगता खाली उतरले की काय? जिन्यात तर दिसले नाहीत." बोलता बोलता त्यांनी खाटेवरची चादर ओढून सारखी केली. हात बाबांपर्यंत आला तेव्हा बाबांनीच अंग चोरून जागा दिली. मेजरबाईंनी कडा गादीखाली खोचली, उशी झटकली, आणि भिंतीवरचं पंख्याचं बटण बंद केलं. "खाटेवर कुणी नाही आणि पंखा चाललाय."

बाबांना हसू आवरेना. "फणे, बघ, बघ. इतके दिवस छळलं ना मी, आज वसूल करतायत. काय नाटक करतायत. मी उगाच मेजर म्हणत होतो, या तर सिनेमातल्या."

"मी बागेत बघते," मेजरबाई म्हणाल्या. "हृदय असलं आणि एकटे हिंडतात." त्या गेल्या. जिन्यातून त्यांची हाक ऐकू आली, "आजोबा, अहो आजोबा." खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून सांगितलं, इकडे नाहीत म्हणून.

बाबा अजून हसत होते, पण आता आवाज न करता. पंखा फिरत फिरत थांबला.

"मस्करीच करत होत्या ना त्या?" त्यांनी विचारलं.

फणीची नजर पडद्यावरच्या शून्यांकडे गेली. या खोलीत कुणी नाही, हे तिने स्वतःच्या बोटाने सांगितलं होतं. हट्टाने, श्वास रोखून, समजेपर्यंत.

तिने डाव्या हाताने बाबांचा हात घट्ट धरला. तो उबदार होता, नेहमीसारखा थरथरत होता. उजव्या हाताने लॅपटॉप मांडीवर ओढला आणि कर्नल उघडला. जिथे आत जायची खूण उमटते ती जागा तिची होती, तिने लिहिलेली. जिथे बाहेर यायची खूण उमटते तीही, आणि खोलीत माणूस आहे हे आता तिथूनच शिकवायचं होतं. एका हाताने टाइप करायला वेळ लागणार होता. लागू दे.

"बाबा, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. अर्ध्या मिशीची गोष्ट सांगा. मी ऐकतेय, थांबायचं नाही."

बाबांनी घसा साफ केला. "तर नवरदेव आला तो घाईत," ते म्हणाले, "आणि बरोबर सासरा," आणि गोष्ट सुरू झाली. फणी ओळीमागून ओळ लिहीत गेली. पडद्यावरून नजर तिने हलवली नाही. आवाज येत होता, हात हातात होता. तेवढ्यावर काम होण्यासारखं होतं, आणि ते होईपर्यंत वर बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.